कोरडा पेला

उन्हाळ्यात मी कुणाच्या घरी गेले की पुढ्यात आलेलं पाणी लगेच पीत नाही. पेला खाली ठेवते आणि त्याच्या बाहेरच्या अंगाकडे बघत बसते. लोकांना वाटतं, मी पाण्यात कचरा शोधतेय. एका मावसबहिणीनं तर तोंडावर सांगितलं, "अगं, फिल्टरचं आहे, पी." पिते की. पण आधी बघते. पेला बाहेरून कोरडा असला तर जिवाला बरं वाटतं. त्यावर थेंब धरले असतील तर माझी नजर खिडक्या शोधायला लागते, आणि आत कुणी म्हातारं माणूस झोपलंय का, असं मी विचारते. हे लोकांना चमत्कारिक वाटतं. वाटू दे.

हल्ली फोनवर हवामान बघायची सगळ्यांनाच खोड लागली आहे. आज एक्केचाळीस, आज बेचाळीस, असं एकमेकांना पाठवत असतात, जणू पोराचे मार्क कळवतायत. त्या आकड्याखाली बारीक अक्षरात दवबिंदू दिलेला असतो, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी आधी तोच बघते. मी भूगोलाची शिक्षिका. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं की हवा थंड होत जाताना ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. मुलं ते पाठ करायची, पेपरात लिहायची आणि विसरायची. खरं सांगायचं तर मलाही तो शब्द फळ्यापुरताच होता. आमच्या गावात दव म्हणजे थंडीतल्या सकाळी स्कूटरच्या सीटवर दिसणारी ओल, फडक्यानं पुसून टाकायची. मे महिन्यात त्याचा आणि आमचा काय संबंध? पण एका मे महिन्यात तो आमच्या घरात, माझ्या वडिलांच्या उशाशी येऊन बसला आणि आम्ही त्याला ओळखलं नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. पाटबंधारे खात्यात कारकून होते. कालव्याच्या कोणत्या चारीला किती पाणी सोडायचं याच्या फायली त्यांनी अख्खी नोकरी हाताळल्या. निवृत्त झाले आणि घरात नळाची वाट बघत बसू लागले. "मी एवढ्या तालुक्यांना पाणी वाटलं, पण कागदावर," असं म्हणून स्वतःच हसायचे. सिडकोतलं आमचं रो हाऊस त्यांनी बांधलं तेव्हा मागे मोकळं रान होतं, ज्वारी उभी असायची. दादांच्या खोलीची खिडकी त्या रानाकडे उघडायची आणि संध्याकाळी चिकलठाण्याकडून वारा यायचा. मग शहर वाढलं. रानाचे प्लॉट पडले, प्लॉटांवर इमारती आल्या. खिडकीतून हात लांब केला तर लागेल की काय, इतक्या जवळ एक भिंत उभी राहिली. तेव्हा शहराला आम्ही औरंगाबादच म्हणत होतो.

ती दुष्काळाची वर्षं होती. मृग कोरडा, हस्त कोरडा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नळाला पाणी यायचा दिवस सणासारखा होता, फक्त सणाला माणूस हसतो आणि नळाच्या दिवशी घरात भांडण होतं. पाण्याचा सगळा कारभार आईकडे. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं पाणी फरशीला, आंघोळीचं पाणी परातीत उभं राहून धरायचं आणि मग संडासाला. पाहुणा आला की आई त्याला अर्धा पेला पाणी द्यायची आणि हसून म्हणायची, "लागलं तर अजून देते." कुणाची हिंमत होती अजून मागायची! मी चिडायचे, पण मनात. बहात्तरच्या दुष्काळात ती लहान मुलगी होती. खडकातल्या झऱ्यापाशी वाटी वाटीनं घागर भरत तिनं दिवस काढले होते. ते ज्याच्या अंगात मुरलंय त्याला पाण्याबद्दल शहाणपण शिकवायला जाऊ नये, एवढं मला कळत होतं.

त्या वर्षी मार्चमध्ये दादा दवाखान्यात होते. त्यांचं हृदय मोठं झालंय आणि दमलंय, असं डॉक्टर म्हणाले. आई म्हणाली, "मोठं तर ते आधीपासूनच आहे." दादा ऑक्सिजनच्या नळीमागून हसले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पाणी मोजून द्यायचं, जास्त झालं तर फुप्फुसात साठेल. ऊन, उष्मा अजिबात नको, शरीर गार करायला हृदयाला फार राबावं लागतं आणि तेवढी ताकद त्यात उरलेली नाही. "एवढा उन्हाळा काढला ना, की मग बघू," असं ते म्हणाले. ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि आईला सांगितलं नाही. दादांच्या खोलीत शांतता झाली की मी हातातलं काम टाकून दाराशी जायचे आणि त्यांची छाती वरखाली होतेय का ते बघायचे.

एसी आमच्या ऐपतीत नव्हता, आणि असता तरी आमच्या वायरिंगला तो झेपला नसता. मी शहागंजच्या बाजारात जाऊन पत्र्याचा मोठा कूलर आणला. "कमरे को कश्मीर बना देता ये, मॅडम," असं दुकानदार म्हणाला. खिडकीबाहेर तो टांगायला जागा नव्हती, भिंत आली होती. म्हणून खोलीत दारापाशी स्टँडवर ठेवला, पाठ उघड्या दाराकडे, तोंड दादांकडे. समोरची खिडकी सताड उघडी. बाहेरची कोरडी हवा कूलरच्या ओल्या गवतातून शिरायची, दादांच्या अंगावरून जायची आणि खिडकीतून निघून जायची. काश्मीर नाही, पण डोंगरावरच्या खुलताबादेत गेल्यासारखं वाटायचं. पहिल्या दुपारी दादा आडवे होऊन झोपले. दवाखान्यातून आल्यापासून ते उशांच्या उतरंडीला टेकून बसत होते. त्यांचं घोरणं ऐकून मला रडू आलं. घोरण्याचं एवढं कौतुक मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

कूलर पाणी प्यायचा मात्र राक्षसासारखं. सकाळी भरलेलं पाणी दुपारी तळाला. दादांना पाणी मोजून आणि कूलरला बादल्या. आई ड्रममधून बादली भरून न्यायची आणि ओतताना तिचा चेहरा असा व्हायचा, की मी दुसरीकडे बघायचे. माझी शाळेची मोठी लाकडी पट्टी तिनं ताब्यात घेतली होती. ती कूलरच्या टाकीत बुडवून आई पाणी बघायची, बाई मुलाचा ताप बघते तसं.

मागच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहायच्या. लासूर स्टेशनकडच्या, मुलाला वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून शहरात आलेल्या. त्यांची छोटीशी ओसरी भिंतीलगतच्या बोळात, बरोबर आमच्या खिडकीखाली होती. एके दिवशी त्या धान्य निवडता निवडता वर बघून आईला म्हणाल्या, "काकू, तुमच्या खिडकीतून लई गार वारं येतंय बघा. आमची नातवंडं दुपारची इथंच निजत्यात. लई बरं झालं बाई."

किती चांगल्या मनानं बोलल्या त्या. आईही हसून "असू दे, असू दे" म्हणाली. आणि आत येऊन तिनं खिडकी लावली.

"बादल्या आपण ओतायच्या आणि पाणी गल्लीला पाजायचं?" ती मला म्हणाली. "ती जी हवा बाहेर जातीय ना, ती आपल्या ड्रममधली आहे."

आता गंमत अशी, की हे तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. खिडकीतून जात होतं ते आमचंच पाणी होतं, डोळ्यांना न दिसणारं. मी भूगोलाची शिक्षिका, मला तर ते पटकन पटलं. बाहेर आग, आत गारवा, मग गारवा कोंडून ठेवायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी दहाला खिडक्या लावून घेणं हे शहाणपणच मानतात, झळा आत येऊ नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी आईनं खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या. नंतर कूलर थोडा पुढे ओढून दारही लोटून घेतलं. खोली डब्यासारखी बंद झाली.

पहिल्या दिवशी छानच वाटलं. दुसऱ्या दिवशी आईनं पट्टी बुडवली आणि तिचा चेहरा उजळला. "बघ, पाणी तेवढंच आहे! सकाळपासून ओतलंच नाही मी." ती स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत गेली. कित्येक वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मलाही हायसं वाटलं. कूलर चालू आहे, पंखा घरघरतोय, खोलीत ओलसर मातीचा वास आहे आणि पाणी संपत नाही. यापेक्षा आणखी काय हवं होतं आम्हाला?

दादा मात्र पुन्हा उठून बसायला लागले. आधी दुपारचे, मग संध्याकाळीही. पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून. गंजी अंगाला चिकटलेली. आमच्या भागात उन्हाळ्यात घाम दिसत नाही, येतो आणि वाळतो, कपड्यावर मागे मिठाच्या पांढऱ्या रेषा राहतात. दादांच्या पाठीवरून मात्र पाण्याचे ओघळ चालले होते. मी पुसायचे, पुन्हा यायचे. खोलीत शिरलं की काहीतरी तोंडावर बसल्यासारखं वाटायचं. पण उन्हातून आलं की असंच होतं, असं मी स्वतःला समजावायचे. खरा विचार वेगळाच चालला होता. मला वाटत होतं, हृदय सोडून चाललंय.

"दादा, बरं वाटतंय का?"

"बरं आहे."

प्रत्येक वेळी हेच. त्यांच्या 'बरं आहे'चा मला इतका राग यायचा! ते बोलताना मध्ये श्वास घ्यायला थांबायचे आणि थांबून पुन्हा म्हणायचे, बरं आहे.

डॉक्टर घरी येऊन गेले. छाती तपासली, पाय दाबून बघितले, लघवी जास्त व्हायची गोळी वाढवली. उद्या संध्याकाळपर्यंत फरक नाही पडला तर भरती करावं लागेल, म्हणाले. दादांनी माझ्याकडे बघितलं. मागच्या वेळी अतिदक्षता विभागात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती, हात बांधून ठेवावे लागले होते. घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, की परत तिथं नेणार नाहीस. मी कबूल केलं होतं, आपण करतो तसं. आता ते नुसते बघत राहिले. त्या नजरेनं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशीची दुपार. भरतीची बॅग मी भरून ठेवली होती, आईला दिसू नये म्हणून माझ्या कपाटात. दादांच्या वाट्याचं पाणी मी त्यांच्या स्टीलच्या पेल्यात आणलं, माठातलं, आणि स्टुलावर ठेवलं. त्यांना लगेच प्यायचं नव्हतं, आधी श्वास गोळा करायचा होता. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं आई आली आणि खेकसली, "सांडलंस ना? थेंब थेंब जपून वापरतेय मी, आणि तू..." स्टुलावर पेल्याभोवती पाण्याचं कडं झालं होतं. तिनं पेला पदरानं पुसला, स्टूल पुसलं, आणि गेली.

मी सांडलं नव्हतं.

मी पेल्याकडे बघत राहिले. पुसलेल्या स्टीलवर आधी धुरकट सावली आली. मग बारीक टिपके. मग टिपके एकमेकांत मिसळले आणि एक थेंब घरंगळत खाली आला. फ्रीजचं पाणी असतं तर गोष्ट वेगळी. हे माठाचं होतं. मे महिन्यात माठातल्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून ओल सुटलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मी पेला पुसला आणि स्वयंपाकघरात नेला. कोरडा राहिला. परत खोलीत आणला, पुन्हा ओला. अंगणात भर उन्हात नेला, तिथं तर हातातली ओलही उडून गेली. मी पेला घेऊन घरभर फिरत होते. आई कणीक मळत होती, ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं असणार, नवरा आजारी आणि आता पोरीचंही डोकं गेलं.

फळ्यावर इतक्यांदा लिहिलेलं वाक्य मला तेव्हा समजलं. त्या खोलीतल्या हवेत इतकं बाष्प भरलं होतं की माठातल्या पाण्याएवढा गारवासुद्धा तिला पाणी सोडायला लावत होता. टक्केवारीतली आर्द्रता लबाड असते, हवा तापली की तो आकडा उतरतो, थंड झाली की चढतो, पाणी तेवढंच असलं तरी. दवबिंदू लबाडी करत नाही. हवेत पाणी किती, तेवढंच तो सांगतो. अंगणातली हवा भट्टीसारखी होती पण तहानलेली होती, मिळेल ती ओल पिऊन टाकणारी. आणि आमची खोली तुडुंब भरली होती. अशा हवेत कूलरचं गवत वाळत नाही, म्हणून टाकीतलं पाणी कमी होत नाही, म्हणून गारवा होत नाही. वर तापलेला स्लॅब उष्णता ओततच होता. पाणी वाचत होतं, कारण कूलरचं काम बंद पडलं होतं.

मी हात ओला करून अंगणात धरला. तळवा गार पडला. तोच हात ओला करून दादांच्या खोलीत धरला. काहीच झालं नाही, कोमट, चिकट. आणि मग मी दादांच्या पाठीकडे बघितलं. माणसाचं अंग दुसरं काय करतं? घाम सोडतं आणि तो वाळला की गार होतं. त्यांचा घाम वाळत नव्हता. ते दमलेलं हृदय अंग गार करायला रक्त कातडीपर्यंत ढकलत होतं, ढकलत होतं, आणि सगळी मेहनत पाण्यात जात होती. मी आईला हाक मारली, ती कणकेच्या हातांनीच खोलीत आली.

"आई, खिडकी उघड. आत्ता."

"वेड लागलंय का? बाहेर बघ काय पेटलंय. डॉक्टर म्हणाले ना, उष्मा नको म्हणून? मारायचंय का त्यांना?"

ते वाक्य माझ्या वर्मी बसलं, कारण तीच भीती मलाही होती. माझी चूक असली तर? खिडकीतून भट्टीची झळ आली आणि त्या झळेनंच त्यांना काही झालं तर? मी दवबिंदू, बाष्प, हवेची धारणशक्ती असं काहीबाही सांगायला लागले. आई कणकेचे हात तसेच धरून उभी.

"खोलीत पाणी भरलंय आई, हवेत."

"पाणी असतं तर दिसलं असतं."

मला एकदम दादांच्या पलंगाखालचा डबा आठवला. त्या वर्षी आईनं कुरडया केल्या होत्या. दुष्काळातही तिनं त्या सोडल्या नव्हत्या. गच्चीवर कडकडीत वाळवून, पातळ फडकं बांधून डबा पलंगाखाली सरकवला होता. मी खाली बसले, डबा ओढला, फडकं सोडलं आणि तो तिच्यापुढे ठेवला. "मोडून बघ," मी म्हणाले.

आईनं पदराला हात पुसले आणि कुरडई उचलली. दोन बोटांनी दाबली. मोडली नाही. वाकली. तिनं दुसरी घेतली, खालची. तीही वाकली, चामड्यासारखी. कुरडई सादळली होती.

"श्रावणातसुद्धा माझ्या कुरडया अशा होत नाहीत," ती हळूच म्हणाली. मग तिनं मान वर करून दादांकडे बघितलं. त्यांच्या गंजीकडे, गुडघ्यांवर टेकलेल्या हातांकडे. माझ्या फळ्यानं जे झालं नसतं ते त्या कुरडईनं झालं. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि वर्तमानपत्राच्या घड्या ओरबाडून काढायला लागली. त्याही ओल्या लगद्यासारख्या झाल्या होत्या. लाकूड फुगून खिडकी अडकली होती. तिनं दोन्ही हातांनी धक्का दिला.

झळ आली. खरोखर भट्टीचं दार उघडल्यासारखी. मी दार सताड उघडलं, कूलर मागे ओढला, त्याची पाठ बाहेरच्या हवेकडे केली. दादांनी डोळे मिटले. पुढचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, की माझं चुकलं असेल तर मी काय करू. आई दारात उभी होती. एकमेकींकडे बघायची आमची छाती नव्हती.

मग हळूहळू हवेतला जडपणा गेला. कूलरमधून येणाऱ्या हवेला पुन्हा धार आली. दादांच्या दंडावरचा ओघळ वाटेतच सुकला. गंजी पाठीपासून सुटली. ऊन कललं तोवर तिच्यावर पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या आणि दादा उशीला टेकले होते. थोड्या वेळानं त्यांनी हातानं खूण करून वरची उशी काढायला लावली. स्टुलावरचा पेला मी नवीन पाणी घालून परत ठेवला. बाहेरून कोरडाच राहिला. आईनं कूलरमध्ये पट्टी बुडवली, पाणी झरझर उतरलं होतं. ती ड्रमपाशी गेली आणि बादली भरून आणली.

संध्याकाळी डॉक्टर आले, म्हणाले, भरतीची घाई नको, गोळी लागू पडलेली दिसतेय. पडलीही असेल. मी त्यांना कुरडयांचं सांगितलं नाही. बॅग मात्र त्या रात्री रिकामी केली.

काही दिवसांनी दादांना नीट बोलता यायला लागलं, तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेच. "दादा, जीव गुदमरत होता तर बोलला का नाहीत? मी रोज विचारत होते."

आई बाहेर आहे ना, ते त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं, संपायचं म्हणजे असंच असतं. ते काय तुम्हाला सांगायचं? आणि तुझी आई रोज पट्टी बुडवून बघायची, पाणी उरलंय म्हणून खूश व्हायची. गाणं म्हणत होती गं ती. म्हटलं, जाता जाता तेवढं तरी होऊ दे."

मी उठून उगाच कूलरचं गवत नीट करत बसले.

तो उन्हाळा निघाला. त्यानंतरचेही काही निघाले. दादा होते तोवर खिडकी पुन्हा कधी बंद झाली नाही. मागच्या बाईंची नातवंडं ओसरीवर निजत राहिली. पुढे एकदा बाईंनी आईला विचारलं, "काकू, मधी चार दिस वारं बंद झालं व्हतं का वो?" आई म्हणाली, "हो, बिघडला होता कूलर."

आता दादा नाहीत. शहराचं नाव बदललं, मागच्या इमारतीच्या मागे आणखी इमारती आल्या, नळाला अजूनही रोज पाणी येत नाही. आई दादांच्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर झोपते. तिचंही हृदय आता दमलं आहे. "बरं वाटतंय का?" विचारलं की ती म्हणते, "बरं आहे." या घरातल्या 'बरं आहे'वर मी विश्वास ठेवत नाही. तिच्या उशाशी मी माठातल्या पाण्याचा पेला ठेवते आणि येता जाता बघते.

परवा दुपारी मी भाजी घेऊन आले. खोलीत शिरले तर कूलर चालू होता, आणि खिडकी लोटलेली दिसली. आई उशीला टेकून बसली होती, माझ्याकडे बघून हसली. मी पेल्याकडे बघितलं. लखलखीत कोरडा.

"बघ तुझा पेला," ती म्हणाली. "बरं आहे मला. उगाच पाणी कशाला घालवायचं?"

मी शेजारी बसून तिच्या मांडीवर हात ठेवला. तिच्या पदराचं टोक ओलं होतं, नुकतंच काहीतरी पुसल्यासारखं.

मी उठले आणि खिडकी उघडली.